आपल्या रिव्ह्यूला उत्तर: स्पीकर तसे का टांगले आणि वारं सुटल्यावर खाली का घेतले

नमस्कार साहेब,

भावगीतांच्या कार्यक्रमातल्या आमच्या साउंडला आपण दोन स्टार दिलेत. पुढच्या सोफ्यांवर आवाज मोठा होता पण शब्द कळत नव्हते. मागे पोचावं म्हणून स्पीकरची तोंडं वर करा म्हटलं तर आमच्या मुलांनी ऐकलं नाही. स्पीकर मंडपाच्या लोखंडाला टांगले असते तर ते टांगायचे टॉवर लोकांच्या आड आले नसते. आणि जरा वारं सुटलं की सगळं खाली घेऊन पाऊण तास घालवला, असं आपण लिहिलंय. लोकांची बोलणी आपल्याला खावी लागली याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो.

शब्दांचं आधी, कारण भावगीतात शब्दच गेला तर मागे उरतं काय?

आम्ही दोन्ही बाजूंना आठ-आठ बॉक्सचा लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची माळ, लावला होता. यातल्या प्रत्येक बॉक्सचा ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक, तीक्ष्ण भाग, खाली-वर फारसा पसरत नाही, अरुंद पट्ट्यात सरळ जातो. त्यामुळे कुठला बॉक्स कुठल्या रांगांसाठी, हे टांगण्याआधीच ठरवावं लागतं. मंडळाने दिलेल्या नकाशात पहिली रांग स्पीकरपासून ६ मीटरवर आणि शेवटची ४५ मीटरवर होती. सगळ्यात वरचा बॉक्स ८ मीटर उंचीवर, साडेआठ अंश खाली झुकवलेला, म्हणजे शेवटच्या रांगेच्या कानावर. तिथून खाली दोन बॉक्समधले कोन १, १, २, ३, ५, ७, ८ असे उघडत आणले. बेरीज २७ अंश. वरचे बॉक्स लांब फेकायचे म्हणून जवळजवळ एका रेषेत, खालचे जवळच्यांसाठी मोकळे. सगळ्यात खालचा बॉक्स बरोबर त्या ६ मीटरच्या रांगेकडे बघत होता.

संध्याकाळी पाहुण्यांचे सोफे त्याही पुढे, ३ मीटरवर आले. तिथे बसलेल्या माणसाकडे बघायला खालचा बॉक्स आणखी वीसेक अंश वाकायला हवा होता. स्टेजच्या काठावर आम्ही चार छोटे फ्रंट फिल, म्हणजे फक्त पुढच्या रांगांसाठीचे स्पीकर, ठेवले होते, त्यांनी ही उणीव भरून काढली असती. पण प्रायोजकांचा फ्लेक्स त्यांच्यावरूनच ताणून बांधला गेला. फ्लेक्समधून बास, म्हणजे जाड आवाज, येतो, ट्रेबल अडतो. स, च, ट ही अक्षरं ओळखू येतात ती ट्रेबलमुळे. आवाज मोठा आणि शब्द गायब, असं आपण जे लिहिलंत ते अगदी बरोबर ऐकलंत. फ्लेक्स खाली घ्या असं आमच्या मुलाने दोनदा सांगितलं. पाहुणे बसले होते, कोणी हात लावू देईना.

तोंडं वर करण्याबद्दल. वरचा बॉक्स फक्त १ अंश उचलला तरी जमिनीवर त्याचा आवाज पडायची जागा सुमारे ६ मीटर मागे सरकते. म्हणजे शेवटची रांग ओलांडून कंपाउंडच्या भिंतीकडे, आणि भिंतीपलीकडे लगेच इमारती आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त, किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. परवाना मंडळाच्या नावावर होता. मागच्या रांगांतून कमी आवाजाची तक्रार आली नाही, तिथे आमचा माणूस शेवटपर्यंत उभा होता.

आता टांगण्याचं. एका बॉक्सचं वजन साधारण ६० किलो. आठ बॉक्स, वरची फ्रेम, केबल धरून एका बाजूला साडेपाचशे किलो, आणि तेही लोकांच्या अगदी शेजारी. हा भार साखळीने उचलणारी चेन मोटर चालू-बंद होताना बसणारा झटका वेगळाच. मंडपाचं लोखंड ताडपत्री आणि झालर पेलायला उभं केलेलं असतं. मधल्या गाळ्यात लोंबता भार किती चालेल, हे लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं. ‘लोखंड आहे, काय होतंय’ या बोलण्यावर मी माणसांच्या बाजूला वजन टांगणार नाही. आमच्या टॉवरला भाराचा कागद आहे, भार जोडायच्या प्रत्येक कडीवर, म्हणजे शॅकलवर, भाराचा आकडा कोरलेला आहे, आणि मोटरच्या साखळीशिवाय वेगळी सेफ्टीची स्टील दोरी बांधलेली असते. टॉवरमुळे कडेच्या काही खुर्च्यांना स्टेज अडलं, हे खरं आहे. तरीही टॉवरच लावले असते.

आणि वारं. मे महिन्यातल्या वळवाचं वारं कसं येतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पाच मिनिटांपूर्वी पान हलत नसतं. टॉवरवर वारामापी लावलेला होता, टॉवरच्या कागदावर दिलेली मर्यादा झोताने ओलांडली, त्या क्षणी आमच्या रिगरने, म्हणजे टांगण्याचं काम बघणाऱ्या माणसाने, कोणाला न विचारता ॲरे खाली घ्यायला सुरुवात केली. त्याला तसंच सांगून ठेवलेलं आहे. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये कार्यक्रम सुरू होण्याआधी वादळी झोताने स्टेजवरचा सगळा सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला, ७ माणसं गेली. आपल्याकडेही समोर लहान मुलं बसली होती. वारं पडल्यावर ॲरे परत वर घेऊन दोन्ही बाजूंचे कोन मोजावे लागतात, नाहीतर डावीकडे एक आणि उजवीकडे भलतंच ऐकू येतं. पाऊण तास यातच गेला. पुन्हा तसा झोत आला तर पुन्हा खाली घेऊ.

कोनांचा तक्ता आणि वाऱ्याच्या नोंदी मंडळाच्या कार्यालयात पाठवल्या आहेत, जरूर बघा. कोजागरीचा कार्यक्रम आमच्याकडे दिलात तर बैठकीचा पक्का नकाशा आदल्या दिवशी हवा, सोफ्यांसकट. स्टेजच्या काठाला फ्लेक्सऐवजी पातळ कापड लावा, त्यातून ट्रेबल येतो. कापड आम्ही आणू. पहिल्या रांगेत आपण स्वतः बसा, साउंड चेकच्या वेळी, आणि शब्द कळेपर्यंत आम्हाला सोडू नका.