“काळजीपोटी पाठवलं तर काय बिघडलं?”

ताई, ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ अशा व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावून लिहिलंत : “मी दोन लहान मुलांची आई आहे. मेसेज आला की खरं-खोटं शोधत बसू का? दहातला एक खरा निघाला तरी एखादं मूल वाचेल. नाहीच निघाला, तर कुणाचं काय बिघडलं? खेड्यातल्या अडाणी लोकांनी कायदा हातात घेतला, त्याचं खापर आमच्यावर कशाला?”

कुणाचं बिघडलं ते सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठार मारलं. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, त्यांच्यात एक लहान मूल होतं. पोलिसांनी वाचवलं म्हणून ते जगले.

आता ‘अडाणी’ या शब्दाबद्दल. त्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता : गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एकाला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला. आणखी काही मेसेजांत मुलांच्या मृतदेहांच्या रांगा दाखवून ‘अवयव काढून घेतले’ असं सांगितलं जात होतं, ती दृश्यं सीरियात घौता इथे २०१३मध्ये झालेल्या विषारी वायूहल्ल्यातली होती. ही कापाकापी आणि जोडाजोडी अडाण्यांची नाही. आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत भरपूर शिकलेली माणसं होती.

म्हणून व्हिडिओ आला की मी आधी एवढंच विचारतो : याच्या आधी काय होतं, आणि नंतर काय झालं?

तुम्हाला वेळ नाही हे मात्र अगदी मान्य. शोधत बसा असं मी म्हणतच नाही. ज्या मेसेजात तारीख नाही, गाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, तो तुमच्यापाशी थांबू द्या. एवढ्याला वेळ लागत नाही. मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो निदान पाच हातांतून आलेला असतो. बहिणीने पाठवला म्हणून ती तिने पाहिलेली गोष्ट ठरत नाही. खरंच काही संशयास्पद दिसलं तर ११२ला फोन करा, मूल संकटात असेल तर १०९८ला. दहातल्या त्या एका खऱ्या मुलाला मदत मिळेल ती तिथून, आपल्या ग्रुपमधून नाही.

आणि आई म्हणून काळजी करताय, तर एक गोष्ट जास्त महत्त्वाची. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, असं एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. हे मेसेज आपली नजर दारावर आलेल्या अनोळखी भिक्षेकऱ्याकडे वळवतात.

तो मेसेज पुन्हा आला तर ग्रुपवर तिथेच विचारा : “कधीचं आहे? कुठल्या पोलीस ठाण्याला कळवलंय?” कुणी उत्तर दिलं तर मलाही जरूर सांगा.