तरुण देश म्हणजे श्रीमंत देश नव्हे

'आमची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली आहे' असं विकसनशील देशांचे नेते अभिमानाने सांगतात, तेव्हा मला काळजी वाटते. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरची निम्मी लोकसंख्या तर १६ वर्षांच्याही आतली आहे. तो जगातल्या सर्वांत तरुण देशांपैकी एक, आणि सर्वांत गरीब देशांपैकीही एक.

नुसत्या तरुणपणाने काही होत नाही. फरक पडतो तो जन्मदर उतरू लागल्यावर. घरात मुलं कमी जन्मतात, आधी जन्मलेली मोठी होतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी खाणाऱ्या तोंडांच्या मानाने कमावते हात वाढतात. घरात चार पैसे मागे पडतात. सरकारचा पैसाही केवळ नव्या वर्गखोल्या बांधण्यात न संपता शिक्षक चांगले घडवण्यासाठी उरतो. यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ साली मांडलं की १९६५ ते १९९० या काळात पूर्व आशियाने जी झेप घेतली, तिचा एक तृतीयांशापर्यंत वाटा या वयरचनेतल्या बदलाचा असू शकतो.

पण उरलेले दोन तृतीयांश? वाद घालताना ते सगळे विसरतात. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत. १९८० च्या दशकात हा आकडा दोनच्या खाली आला. पण ही पिढी कामाच्या वयात आली तेव्हा ती लिहाय-वाचायला शिकलेली होती, आणि कापड, केसांचे टोप, प्लायवुड परदेशी पाठवणारे कारखाने हजारोंच्या संख्येने माणसं घेत होते. त्यात तरुण मुली फार मोठ्या संख्येने होत्या. ब्राझीलमध्येही जन्मदर झपाट्याने उतरला, पण १९८० चं दशक कर्ज आणि महागाईने खाऊन टाकलं. ट्युनिशियाने मुली शिकवल्या, कुटुंबं लहान केली, आणि शिकलेल्या पोरांना नोकऱ्याच नव्हत्या. २०१० च्या डिसेंबरात ती पोरं रस्त्यावर उतरली.

मला सर्वांत जास्त खटकतं ते अवलंबित्वाचं गुणोत्तर. १५ ते ६४ वयाचा प्रत्येक जण कमावता, बाकीचे अवलंबून, असं ते धरून चालतं. म्हणजे पाण्याचे हंडे वाहणारी, म्हाताऱ्यांचं करणारी, हातात एक पैसाही न येणारी बाई या हिशेबात 'कमावती'. उलट सत्तरीतला शेतकरी, ज्याला पेन्शन नाही म्हणून मरेपर्यंत राबावं लागतं, तो 'अवलंबून'. जिथे बायकांना घराबाहेर पगारी काम मिळत नाही, तिथे लाभांशाचा मोठा हिस्सा कागदावरच राहतो. जन्मदर उतरल्याने बाईचे जे वेळ आणि श्रम मोकळे होतात, त्यांना वाट मिळाली नाही तर वाढ येणार कुठून? माझ्या मते या सगळ्या चर्चेचा कणा हाच आहे, आणि भाषणांत तो येतच नाही.

शिवाय वेळ थोडा आहे. पासष्टीच्या वरच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली. थायलंडने हाच पल्ला सुमारे २० वर्षांत गाठला, आणि तेही श्रीमंत होण्याआधी. तिथले शेतात, हातगाडीवर, रोजंदारीवर आयुष्य काढलेले लाखो लोक आता म्हातारे होत आहेत. त्यांना सरकारकडून मिळणारा वृद्धभत्ता इतका तुटपुंजा आहे की त्यावर महिना निघत नाही, आणि आधाराला मुलं एक किंवा दोन. कित्येकांची मुलं कामासाठी दूर शहरात गेलेली आहेत.