पुढील स्टेशन, विरार

दादरच्या आमच्या काकूंचा फराळ दिवाळीत पार विरारपर्यंत जातो. त्यांचा भाचा पिशव्या घेऊन लोकलने निघतो आणि गिऱ्हाईक ज्या स्टेशनवर उभं असेल तिथे उतरून देतो. यंदा वही बंद. "तू दिवसभर कॉम्प्युटरच बडवतोस ना, मग एक फॉर्म करून दे," असं म्हणून काकूंनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. मोबदला अर्धा किलो भाजणीची चकली.

फॉर्म जँगोत, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, केला. (स्पेलिंगमध्ये आधी 'डी' आहे, तो गिळायचा. एका गिटारवादकाचं नाव आहे.) दादरपासून विरारपर्यंत स्टेशनं ओळीने भरली, ड्रॉपडाउनमध्येही ओळीने आली. काकूंनी चष्मा लावला. "वर या नऊ रेघा कसल्या?"

"काही निवडलं नाही, असा अर्थ."

"मग 'स्टेशन निवडा' लिहायला हात दुखतात? आणि बांद्रा काय? वांद्रे लिही."

दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अरे, वांद्रं विरारच्या पुढे कधी गेलं? मेगाब्लॉक आहे का?"

खरंच गेलं होतं. फॉर्मच्या खाली पोस्टग्रेस होता, म्हणजे माहिती साठवणारा डेटाबेस. त्यात ओळ दुरुस्त केली की जुनी बाद होते आणि नवी प्रत जिथे जागा मिळेल तिथे बसते. आपण क्रम मागितला नाही, तर तो हाताला लागेल तसं वाढतो. इतके दिवस यादी सरळ दिसत होती ती नशिबाने.

मग मॉडेलमध्ये, म्हणजे स्टेशनांची माहिती कशी ठेवायची ते सांगणाऱ्या कोडमध्ये, नावाप्रमाणे ऑर्डरिंग (क्रम) लावलं. एका ओळीचं काम, कॉलर ताठ! यादी उघडली तर अंधेरी पहिलं. दहिसरला खेटून दादर. वांद्र्याच्या पुढचं स्टेशन थेट विरार, म्हणजे विरार फास्टलाही लाजवेल अशी गाडी. आणि 'इतर' हा पर्याय, ज्याने मुकाट शेवटी बसायचं, तो 'इ'च्या जोरावर अंधेरीच्या पाठोपाठ दारात उभा.

"बाराखडी शाळेत," काकू म्हणाल्या. "पोरगा गाडीने जाणार आहे."

मुद्दा बिनतोड होता. प्रत्येक स्टेशनला क्रमांकाचा रकाना दिला, दादर 1 पासून विरार 20 पर्यंत, आणि फॉर्मच्या क्वेरीसेटला, म्हणजे डेटाबेसकडून मागवलेल्या यादीला, त्यावर ऑर्डर बाय लावलं. 'इतर'ला 9999 देऊन टाकलं. झालं, म्हणून चकलीचा डबा उघडतो तोच काकू म्हणाल्या, "राम मंदिर कुठाय?"

हे स्टेशन 2016 सालचं, माझ्या डोक्यातला नकाशा त्याआधीचा. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधे त्याला बसवायचं, तर गोरेगावपासून विरारपर्यंत अकरा जणांना "जरा सरका" म्हणावं लागलं, चौथ्या सीटसाठी म्हणतात तसं. मग शहाणा होऊन क्रमांकच 10, 20, 30 असे केले. दोन स्टेशनांमध्ये नऊ-नऊ जागा रिकाम्या! पश्चिम रेल्वेवर इतकं ऐसपैस कुणीच बसलेलं नाही.

काल पहिली ऑर्डर आली. दोन किलो चिवडा, एक किलो शंकरपाळे. स्टेशन: 'इतर'. खाली रकान्यात लिहिलं होतं, ठाणे.

मी विचारलं, "काकू, सेंट्रलची यादी पण करू का?"

"काही नको. त्याला सांग, दादरला उतर आणि पूल चढून इकडे ये."