सगळ्यांचा रस्ता : पास कसा करून घ्यावा?

तुमच्या नशिबाने साताऱ्याच्या राजपथाचा एखादा तुकडा, मोती चौकाजवळचा म्हणा, सुधारायला तुमच्या हाती आलाच, तर पहिलं काम फूटपाथ उखडण्याचं. फूटपाथ राहिला की कुणीतरी टेप घेऊन येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि टेप बाळगणाऱ्या सेवानिवृत्तांची साताऱ्यात वानवा नाही. त्यात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथचा हक्क थेट जगण्याच्या हक्कात नेऊन बसवला. फूटपाथच नसेल तर मोजणार काय नि मागणार काय? या दुकानाच्या पायरीपासून त्या दुकानाच्या पायरीपर्यंत एकाच पातळीत पेव्हर ब्लॉक अंथरा आणि त्याला ‘सामायिक रस्ता’ म्हणा, म्हणजे माणसं नि गाड्या एकाच फरशीवरून, एकमेकांच्या समजुतीने. कालपर्यंत याच अवस्थेबद्दल तक्रारी येत होत्या; आता अभिनंदनाचे फलक लागतील.

सादरीकरणात हॉलंड हवंच. हान्स माँडरमन नावाच्या वाहतूक अभियंत्याने द्राख्टनमधल्या एका मोठ्या चौकातले सिग्नल काढून टाकले. रोज वीस हजारांवर वाहनांचा चौक! हा गृहस्थ पाहुण्यांसमोर वाहतुकीकडे पाठ करून उलटा चालत रस्त्यात शिरायचा आणि गाड्या थांबायच्या. किस्सा रंगवून सांगा. आपल्या साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर करून दाखवा असं कुणी म्हणालं तर गुडघा दुखतोय म्हणा. तिथल्याच ‘वोनर्फ’ म्हणजे वस्तीतल्या सामायिक गल्ल्यांना १९७६ साली कायद्याने मान्यता मिळाली आणि त्यांत गाडी माणसाच्या चालीने हाकावी लागते, ही स्लाइड मात्र शेवटून दुसरी ठेवा. तोवर चहा-बिस्किटं आलेली असतात.

ब्रिटनचा दाखला द्यायचा तर २०११ चा द्या. त्या वर्षी तिथल्या सरकारने अशा रस्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती. २०१८ मध्ये तीच मागे घेतली आणि वर्दळीच्या ठिकाणी सपाट रस्ते करणं तूर्त थांबवा असं पालिकांना कळवलं, ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचायला अजून अवकाश आहे. तिकडच्याच अनुभवाप्रमाणे ताशी शंभराच्या वर गाड्या झाल्या की माणसं रस्त्याच्या मध्ये रेंगाळायचं सोडून कडेकडेने चालू लागतात. राजपथावर सणाच्या संध्याकाळी पाव किलो कंदी पेढे बांधून हातात येईस्तोवर शंभराचा आकडा मागे पडतो. म्हणून ‘ताशी’ हा शब्दच कुठे येऊ देऊ नका.

या रचनेचा सगळा डोलारा नजरेवर उभा असतो. चालणाऱ्याने चालकाच्या डोळ्यांत पाहायचं, चालकाने त्याच्या, आणि मग समजुतीने एकाने थांबायचं. आपल्याकडे कोण थांबणार हे आधीच ठरलेलं असल्याने पाहण्याचे श्रम वाचतात. स्कूटीवरची ताई स्कार्फ आणि गॉगलच्या आत आहे. बुलेटवाल्या दादाची मान मोबाइल दाबून धरण्यात गुंतली आहे. वडापवाला आरशात बघतोय खरा, पण मागच्या सीटवर अजून एकजण मावेल का ते. तुम्ही तुमची नजर तयार ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

ज्यांना नजरच नाही त्यांनी काय करायचं, असं एखादा आगाऊ माणूस बैठकीत विचारतोच. पांढऱ्या काठीला फूटपाथची कड लागते ती उंचीमुळे. ६० मिलिमीटरपेक्षा बुटकी कड खात्रीने कळत नाही, असं लंडनमधल्या चाचण्यांत दिसलं आहे. तुमची कड शून्य मिलिमीटर. तरी घाबरू नका, पिवळ्या उठावाच्या फरशा लावा. त्यांची रांग विजेच्या खांबापर्यंत सरळ न्या आणि खांबाच्या पलीकडून पुन्हा सुरू करा. फोटो सकाळी सातच्या आत काढा. नंतर तिथे भेळेची गाडी लागते, आणि तिच्यामागे स्टँडवर तिरक्या लावलेल्या दुचाकी.

आता मूल्यमापन. बांधकामात राहिलेल्या सगळ्या चुका इथे दुरुस्त होतात, तेव्हा घाई नको. पाहणी दुपारी दोन ते चार करा, शक्यतो मे महिन्यात. अपघात फक्त पोलिसांत नोंदलेले धरा. कोपराला आरसा लागला, चपलेवरून चाक गेलं, पिशवीतले टोमॅटो चिरडले, याची फिर्याद कोणी देत नाही. स्वीडनमधल्या लुंडची एक पद्धत आहे: धडक व्हायला किती सेकंद उरले असताना कुणी ब्रेक दाबला किंवा बाजूला उडी मारली, ते मोजायचं. अशा प्रसंगाला ‘संघर्ष’ म्हणतात. या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे उडी हा चालण्याचाच भाग आहे, आकडा आवरणार नाही.

निरीक्षक नेमाल तो कॉलेजचा पोरगा असावा आणि त्याला फॉर्म छापून द्यावा. समजा, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एक आजी उभ्या आहेत. नऊवारी, हातात गोळ्यांची पुडी. त्या एक पाय खाली ठेवतात, हॉर्न वाजतो, पाय वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. हात दाखवतात तर एक रिक्षा येऊन थांबते आणि ‘कुठं जायचं आजी?’ विचारते. समोरच जायचं असतं, रिक्षा निघून जाते. शेवटी दप्तरवाली एक मुलगी ‘चला’ म्हणून दंड धरते आणि दोघी धावल्यासारख्या पलीकडे पोहोचतात. पोरगा लिहितो: पादचारी २, संघर्ष ०, वाहनांचा खोळंबा ०. अभिप्रायाच्या रकान्यात ‘परस्पर सहकार्य उत्तम’. यात एक अक्षरही खोटं नाही, म्हणून तर फॉर्म छापून द्यायचा.

इंग्लंडात अ‍ॅशफर्डला दोन संशोधकांनी नेमका इथेच घोळ घातला. असा रस्ता झाल्यावर माणसांना कुठून जायचं असतं आणि प्रत्यक्षात ती कुठून जातात, हे त्यांनी ताडून पाहिलं. बरेचजण वळसा घालत होते, वाट गाड्यांना देत होते, आणि विचारल्यावर बहुतेकांनी जुनी रचनाच सुरक्षित वाटायची असं सांगितलं. विचारलं, इथेच फसले.

अगदी प्रश्नावली काढावीच लागली, तर रस्त्यावर भेटतील त्यांनाच विचारा. भेटणारे धडधाकट असतात, घाईत असतात आणि ‘चांगलंय की’ म्हणून सुटतात. ज्यांनी येणं बंद केलं, भाजी दारावर घ्यायला लागले, गोल बागेत बसायला नातवाच्या सवडीची वाट बघतात, त्यांच्यासाठी फॉर्मात रकाना करायचं एखाद्या नव्या अभियंत्याच्या डोक्यात येईल. त्याला शांतपणे सांगा, की बाबा, तो रकाना भरायला पेठापेठांतून घरोघरी जिने चढावे लागतील, आणि त्याचा प्रवासभत्ता मंजूर होत नाही.