उलट्या बशा

नवऱ्याला घेऊन कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. याला जुन्या, निळ्या छपाईच्या इंग्लिश बशा जमवायचा नाद. यजमानीण पोळी वाढायला वळते तोवर याने समोरची बशी उलटी करून तळ वाचायला घेतलेला असतो. तळावर ‘इंग्लंड’ दिसलं की चेहरा पडतो. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, हा तिथला नियम १८९१ पासूनचा. म्हणजे ही बशी बहुधा त्यानंतरची; याच्या लेखी परवाची!

आम्ही राहतो इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, आणि दुर्दैवाने स्टोक-ऑन-ट्रेंट हे कपबशांच्या कारखान्यांचं शहर जवळ आहे. तिथल्या जोसाया स्पोड या कारखानदाराने १७८४ च्या सुमारास झिलईखालची निळी छपाई जमवली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो बशीवर घासून बसवायचा आणि कागद धुऊन टाकायचा. मग झिलई, मग भट्टी. काठाची वेलबुट्टी फिरून येते तिथे जुळतेच असं नाही. असा फसलेला जोड दिसला की नवरा हरखतो. शिंप्याने माझ्या ब्लाउजचे काठ असे जोडले असते तर याच माणसाने त्याच्याशी भांडण काढलं असतं.

रविवारी पहाटे लोक मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून घरातली अडगळ विकतात. हा टॉर्च घेऊन हजर. बशीला टिचकी मारायची, कान लावायचा. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर तडा आहे, म्हणजे स्वस्त मिळेल, म्हणून घ्यायची. जेवतो आम्ही स्टीलच्या ताटात.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी सगळं कपाट बघून एवढंच विचारलं, “अरे, एकाही बशीवर नाव घातलेलं नाही? शेजारी गेली तर परत कशी यायची?” बऱ्याच कारखानदारांनी शिक्का मारलाच नाही, हे याचंही जुनं दुःख. पण विषय बदलावा म्हणून याने लाडकं, तडा गेलेलं तबक काढलं: डुकरांच्या शिकारीला निघालेले साहेब आणि अचानक समोर बछड्यांसह वाघीण. बंगालमध्ये नोकरी केलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या पुस्तकातल्या चित्रांवरून स्पोडने हिंदुस्थानी शिकारीची ही भांडी काढली होती.

“वाघीण निळी?” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर असताना त्यांनी त्याच तबकात कैरीचं लोणचं कालवलं. जुन्या झिलईला बारीक भेगा असतात, तेल-हळद आत शिरते. नवऱ्याने तबक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घातलं. साहेब स्वच्छ निघाले. वाघीण मात्र आता पिवळी आहे.