पॅकेज, द्राक्षं आणि बंड्याची बुंदी

कॅपची, म्हणजे एमबीएच्या केंद्रीय प्रवेशाची, यादी लागली त्याच संध्याकाळी ओंकार तोंड पाडून कट्ट्यावर आला. पुण्याच्या कॉलेजात साधं एमबीए मिळत होतं, आणि दुसरीकडे सप्लाय चेनचं, म्हणजे माल बनवण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याच्या साखळीचं, खास एमबीएही. पैसे भरायला हातात तीनच दिवस.

बंड्याला विचारावं लागत नाही. "साधं एमबीए घे. सगळे दरवाजे उघडे राहतात. मार्केटिंग, फायनान्स, काय वाट्टेल ते. सप्लाय चेन म्हणजे काय भो, ट्रक मोजायचे? पॅकेज बघ, पॅकेज!"

बंड्याच्या बोलण्यात दर तिसरा शब्द पॅकेज असतो. त्याच्या साखरपुड्यालाही त्याने सासऱ्यांना स्वतःचं सीटीसी, म्हणजे वर्षाचं पॅकेज, सांगितलं होतं.

प्रज्ञा नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात चार वर्षं डिस्पॅचला होती, आता द्राक्षांच्या एक्स्पोर्टमध्ये आहे. ती चहा संपेपर्यंत गप्प बसली.

"२०२४चा सीझन आठवतो का?" तिने विचारलं. आठवत नसेल असा नाशकात कोण आहे? तांबड्या समुद्रात हल्ले सुरू होते, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जात होती. न्हावा शेवा बंदरातून निघालेल्या कंटेनरचे दहा-पंधरा दिवस वाढले. "कुठल्या बागेचा माल तेवढा टिकेल, कुठला दुबईला वळवायचा, वाढलेलं भाडं कोणाच्या माथी, हे सगळं कोणी ठरवलं? द्राक्ष पॅकेज विचारत नाही बंड्या, झीरो डिग्री मागतं."

"पण त्याला डिग्री कशाला?" संज्या म्हणाला. "आमचे मामा तीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, दहावी नापास."

"मामांना विचार, जीएसटीनंतर त्यांच्या गिऱ्हाइकांनी गोडाऊनं का हलवली," प्रज्ञा म्हणाली. १ जुलै २०१७च्या आधी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत गोडाऊन ठेवायच्या. जीएसटी आला आणि छोटी गोडाऊनं बंद करून भिवंडीसारख्या ठिकाणी मोठं एकच घेणं परवडू लागलं. "आता ते कुठे घ्यायचं याचं गणित मांड. कर आला, भाडं आलं, अडकलेल्या मालाचं व्याज आलं. यात फायनान्स नाही? कायदा नाही? पवईची नीटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था १९६३ साली निघाली, पुढे सप्लाय चेनसाठी नावाजली, २०२३ साली तिचं आयआयएम मुंबई झालं. ट्रक मोजून झालं का ते?"

बंड्या म्हणाला, "साध्या एमबीएलासुद्धा दुसऱ्या वर्षी ऑपरेशन्स घेता येतं की, त्यात सप्लाय चेन येतंच."

इथे मला राहवलं नाही. मी त्याच भरवशावर साधं एमबीए केलं. ऑपरेशन्स मागणारे आम्ही सातच निघालो, म्हणून कॉलेजने तो विषयच रद्द केला आणि आम्हाला मार्केटिंगच्या वर्गात बसवलं. फी पूर्ण घेतली. त्याचा राग अजून गेलेला नाही. दरवाजे उघडे आहेत असं कॉलेज सांगतं, पण आत शिकवणारा माणूस आहे का, हे आधी जाऊन बघायला हवं.

"तेच," प्रज्ञा म्हणाली. "ओंकार, दोन्हीकडच्या मागच्या बॅचच्या पोरांना फोन कर. उन्हाळी इंटर्नशिप गोडाऊनमध्ये केली की ऑफिसात बसून पीपीटी बनवली? नोकरी प्लॅनिंगमध्ये लागली, खरेदीत लागली, की लोन विकायला पाठवलं? आणि सर्वात मोठं पॅकेज विचारू नकोस, ते एकाच पोराचं असतं. सगळ्यांना ओळीत उभं करून मधल्याला किती मिळालं ते विचार."

"पण ताई, मला हे आवडेल कशावरून?"

"उद्या सकाळी सहाला पॅकहाउसला ये. प्री-कूलिंगच्या खोलीत थंडी सोसली आणि तरी प्रश्न विचारत राहिलास, तर पैसे भर."

बंड्याने हार मानली नाही. "हे थेरीचं मला नको सांगू. मॅनेजमेंट रक्तात असावं लागतं."

"गणपतीच्या बुंदीसारखं?" संज्याने विचारलं आणि कट्टा फुटलाच. गल्लीने दीडशे माणसं सांगितली होती. संज्याने असू दे म्हणून दोनशे धरली, बंड्याने आचाऱ्याला तीनशे सांगितली, आचाऱ्याने वर आणखी पन्नासांची टाकली. त्यात पाऊस आला. चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ बुंदी खात होतो.

"याला बुलव्हिप म्हणतात," प्रज्ञा हसू दाबत म्हणाली. "चाबकाची मूठ जराशी हलते, टोक सपकन उडतं. पहिल्या सेमिस्टरला शिकवतात, ओंकार."

"ती बुंदी पावसामुळे उरली!" बंड्या ओरडला. कोणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात टपरीवरून अण्णांनी हाक दिली, "किती कटिंग रे?"

आम्ही पाच जण होतो. बंड्याने हात वर केला. "सहा सांगा अण्णा. असू दे एक जास्त."