व्यंगचित्रापेक्षा घरमालकाकडे बघा

एप्रिल २०२३ मध्ये लोकसंख्येत भारत चीनच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने एक व्यंगचित्र छापलं. टपावर माणसांची झुंबड असलेली जुनाट भारतीय आगगाडी, आणि तिच्या मागे पडलेली चकचकीत चिनी गाडी. दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांनी निषेध केला. पुण्याहून नातेवाइकांचे मेसेज मला इथे श्टुटगार्टला येत राहिले : जर्मन लोक आपल्याला असंच समजतात का रे?

चित्र वाईटच होतं. पण इथे राहणाऱ्याला त्याचा त्रास दोन दिवस होतो. खरा त्रास होतो तो भाड्याचं घर शोधताना. मी फोनवर जर्मनमध्ये बोललो, घर बघायची वेळ ठरली, मग आडनाव सांगितलं आणि घर 'नुकतंच गेलं'. तासाभराने माझ्या जर्मन सहकाऱ्याने त्याच नंबरवर फोन केला, तर घर रिकामं होतं. दुसऱ्या एका मालकीणबाईंनी तोंडावरच सांगितलं की तुमच्या फोडणीचा वास भिंतीत मुरतो. त्या संध्याकाळी मला जो अपमान वाटला, तसा कुठल्याही चित्राने वाटला नव्हता.

शिक्के बदलतात, आणि ते आपल्या वागण्याने बदलत नाहीत. २००० साली चान्सलर श्रोडर यांनी परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' जाहीर केलं, तेव्हा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात निवडणूक होती. विरोधी नेते युर्गेन र्‍यूटगर्स यांचा प्रचार 'भारतीयांऐवजी आपली मुलं' या घोषणेने ओळखला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये चान्सलर शोल्त्स दिल्लीला आले ते कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायची घोषणा घेऊन. मधल्या काळात आपण काही वेगळे झालो नाही. जर्मनी म्हातारी झाली आणि तिला माणसं कमी पडू लागली.

आता आपल्याला चांगला शिक्का मिळाला आहे. पूर्णवेळ नोकरदारांत भारतीयांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा) खुद्द जर्मनांपेक्षा जास्त आहे, हे इथली वर्तमानपत्रं कौतुकाने छापतात. या कौतुकाचं मला भय वाटतं. कारण बर्लिनमध्ये सायकलवरून जेवण पोचवणारी बरीच मुलंही भारतीयच आहेत, महागड्या खासगी विद्यापीठांची फी भरता भरता मेटाकुटीला आलेली. आणि त्यांच्याबद्दल इथे स्थिरावलेले आपलेच लोक गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना म्हणतात, "ही पोरं आपलं नाव खराब करतायत." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ज्याला स्वतःच्या नावावर घर मिळायला मारामार, त्याने त्या पोराच्या कपाळी दुसरा शिक्का का मारावा?

बरं, ज्या श्वाबी, म्हणजे या श्टुटगार्ट भागातल्या, लोकांनी मला दारातून परत पाठवलं, तेही बर्लिनमध्ये परप्रांतीयच. प्रेन्त्सलाउअर बेर्ग या भागात 'श्वाबी लोकांनो, चालते व्हा' अशा भिंती रंगल्या होत्या. २०१२ च्या अखेरीस जर्मन संसदेचे तेव्हाचे उपाध्यक्ष वोल्फगांग टीर्झं यांनी श्वाबी मंडळींबद्दल उघड तक्रार केली होती. बोलण्यात विषय असे तो श्वाबींच्या कंजूषपणाचा आणि बोलीचा. खाली दुखणं होतं वाढलेल्या घरभाड्याचं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईंना मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. महाराष्ट्र पेटून उठला, आणि ते योग्यच होतं. पण त्याच मुंबईत मुसलमान भाडेकरूला, मासे खाणाऱ्याला, एकट्या मुलीला रोज नकार मिळतो आणि आपण त्याला 'सोसायटीचा नियम' म्हणतो. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायला मान्यता दिली. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी यांची नावं घेतं. खासगी घरमालकाचं नाव घेत नाही.

जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. त्याला पळवाटा आहेत, पण वंशावरून घर नाकारलेल्या माणसाला तो भरपाई मागायची वाट देतो. सहकाऱ्याने केलेल्या त्या दुसऱ्या फोनसारखी गोष्ट तिथे पुराव्याच्या कामी येऊ शकते. महाराष्ट्राने घरभाड्यासाठी असा कायदा करावा, आणि तो मुलुंडच्या मराठी बाईंना, मोहम्मद अली रोडच्या मुलाला आणि बिहारहून आलेल्या गवंड्याला सारखाच लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. व्यंगचित्रावर खर्च होणारा संताप विधानसभेच्या दारात नेला, तर त्याचा उपयोग होईल.

आणि एक तातडीची गोष्ट. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुण पाठवण्याचा करार केला आहे. त्यांच्या जर्मन शिकवणीत व्याकरणासोबत एवढं तरी असू द्या : नकार मिळाला तर तारीख, वेळ, नाव लिहून ठेवायचं, साक्षीदार ठेवायचा, संघीय भेदभावविरोधी कार्यालयाचा मोफत सल्ला घ्यायचा, आणि दावा दोन महिन्यांच्या आत मांडायचा. मला हे कळलं तेव्हा माझी मुदत उलटून गेली होती.